दुसरा सूर

अभिजीतने बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरचे मागचे बटण दाबले आणि पहिला सूर आला. जाड, घोगरा. आला तो थांबेचना.

त्या घरात वाढलेल्या कुणालाही पुढे काय यायला हवे ते ठाऊक होते. क्षणभर हा जाड सूर, त्याला लागून एक बारीक, आणि मग टीव्हीच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या दोन ओळी. अभिजीतचे बाबा, गुलाबचंद, कामाला बसले हे स्वयंपाकघरात दुसऱ्या सुरावरून कळे. आज पडदा काळाच राहिला आणि पहिला सूर चालूच.

"बंद कर ना अभी," कामिनी चहा घेऊन दारात उभी होती. "गल्लीतले विचारतील, घरात काय घुमून राहिलं म्हणून."

त्याने बटण बंद केले. मुंडण केलेल्या डोक्यावर बाबांची माकडटोपी होती, ती त्याने कानांवर ओढली. नागपुरातली ही तांडापेठ जानेवारीत सकाळी दहापर्यंत गार असते आणि ही खोली तर बाराही महिने ओलसर.

"वीज बरोबर येते, ताई. कालच अॅडॅप्टरमधले कपॅसिटर बदलले, बर्डीच्या बाजारातून आणून. सगळ्या चिपा काढून पुन्हा बसवल्या. मशीन मेलेलं नाही. पण उठत नाही."

शेवटचे वाक्य दोघांनाही नको त्या जागी लागले. कोपऱ्यात बाबांच्या फोटोपुढे दिवा जळत होता. कामिनीने उगाच वात सारखी केली.

"नाही उठत तर राहू दे," ती म्हणाली.

"मला तरी कुठे अडलंय? पुण्याला ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवायचंय. बंद असलं तरी त्यांना चालतं. मी शब्द दिलाय त्यांना. पण आईला सांग ना."

आई आतूनच बोलली. कणीक मळायचा आवाज तेवढा थांबला. "त्यायले चालते. मले नाई चालत."

चंद्रकला हात पुसत बाहेर आली. या दिवसांत ती फारशी बोलत नव्हती. भेटायला येणाऱ्या बायका रडत, ती त्यांना पाणी देई. बोलली ती एवढ्या एकाच गोष्टीवर, आणि रोज.

"तुह्या आजोबाचा माग तेरवीआधी चालवला होता का नाई? मोठ्या बाबानं एक धोटा फेकला, मंग ताणा कापला. चालता माग बंद करा लागते. बंद पडलेला उतरवत नाईत."

"आई, हा माग नाहीये गं. कॉम्प्युटर आहे."

"टेबल कुठी आहे ते पाह्य, मंग बोल."

अभिजीतने पाहिले नाही. त्याला माहीत होते. टेबलाखालची फरशी बाकीच्या खोलीपेक्षा नवी होती. तिथे बाबांचा खड्डामाग होता. सत्त्याऐंशी साली त्यांनी तो काढला, पाय सोडून बसायचा खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरला आणि त्यावर हे टेबल मांडले. बाकी कोष्टी कागदावर चौकोन आखून काठाची नक्षी काढत, बाबा ती पडद्यावर काढू लागले. गांधीबागेतले व्यापारी आधी हसले, मग नमुने मागायला लागले. अभिजीतची इंजिनिअरिंगची फी, कामिनीची पुस्तके, या खोलीवरचा स्लॅब, सगळे या टेबलावरून आले होते.

"परवा तेरवीले खाप्याची मंडळी येईल, उमरेडची येईल," चंद्रकला म्हणाली. "सारे याच खोलीत बसतीन. माणसाचं काम अर्धं आणि आपण पान वाढून राह्यलो, असं नाई होणार माह्याकडून."

ती आत गेली. कामिनी भावाकडे पाहत राहिली. तिला ते मशीन पुण्याला जायला नको होते. पण सुरू व्हावे असेही तिला वाटत नव्हते, हे तिने कुणाला सांगितले नव्हते. बारीक सूर आला आणि खुर्ची रिकामी असली तर? आजवर तसे कधी झाले नव्हते.

*

चंपतराव पलीकडच्या अर्ध्या घरातून आले तेव्हा अंगणात ऊन उतरले होते. मागोमाग त्यांची बायको शामला, हातात झाकलेले पातेले. मोठे बाबा आणि मोठी आई रोज याच वेळी येत, पण चंपतराव नेहमी बाहेरच्या खाटेवर बसत. खोलीच्या उंबऱ्याआत ते येत नसत. सत्त्याऐंशी साली खड्डा बुजवला त्या दिवशी त्यांनी अंगणात उभे राहून सांगितले होते, माग बुजवणाऱ्या भावाच्या खोलीत मी पाय ठेवणार नाही. पुढे बोलणे सुरू झाले, लग्नकार्ये झाली, दोन्ही घरांत एकच भाजी शिजू लागली. उंबऱ्याचे मात्र तसेच राहिले.

"झालं का गा सुरू?" त्यांनी खाटेवरूनच विचारले.

"नाही, मोठे बाबा."

"आवाज तर आला. माह्या घरात आला."

"एकच येतो. दुसरा येत नाही."

भिंतीपलीकडे चंपतरावांनी तो दुसरा सूर पस्तीस-छत्तीस वर्षे ऐकला होता. सुरुवातीला त्यावर ते मुद्दाम मागाची फणी जोरात आपटत. नंतर नंतर, सकाळी तो आला नाही तर शामलाला म्हणत, पाह्यजो वं, गुलाबची तब्येत बरी आहे ना.

चंद्रकलेने दारात येऊन पदर डोक्यावर घेतला. चंपतराव तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. ती या घरात सून म्हणून आली तेव्हापासून त्यांच्याशी थेट बोलली नव्हती. तिच्या वयाच्या इतर जावांनी हे कधीच सोडले होते, तिने सोडले नाही. जे सांगायचे ते मुलांना सांगायची, आणि भासरे समोर असले तरी मुलांकडूनच उत्तर घ्यायची.

"कामिनी, मोठ्या बाबाले विचार, चहा घेतीन का."

"घेईन म्हणा," चंपतराव भिंतीकडे पाहून म्हणाले.

"मी मधे काय टेलिफोन आहे का?" कामिनी म्हणाली, आणि शामला खुदकन हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसले होते.

"तू तर आत्ता लागली," शामला म्हणाली. "तुह्याआधी मी होती. एकदा तर कोणीच नव्हतं त बकरीले सांगितलं होतं हिनं, की जेवण वाढलं म्हणा."

आत अभिजीतने झाकण उघडून मल्टीमीटरच्या सुया टेकवल्या होत्या. चिपेच्या एका पायावर त्याला पाच व्होल्ट दिसायला हवे होते. काहीच दिसेना. त्याने पुन्हा टेकवल्या.

"ताई, इकडे ये." त्याचा आवाज बदलला होता. "मशीनमध्ये दोषच नाहीये. याला कोणीतरी सारखं 'थांब, पुन्हा सुरू कर' म्हणून राहिलं. ते बिचारं सुरू व्हायला जातं, तेवढ्यात पुन्हा थांब. म्हणून पहिल्या सुरापुढे जातच नाही."

"कोण म्हणून राहिलं?"

"हे." त्याने बटणांच्या वरच्या रांगेतल्या उजव्या टोकावर बोट ठेवले. तिथे एकच वेगळे बटण होते. बाकीची बटणे उभी होती, ते किंचित खाली बसलेले. एवढेसे खाली, की दोन दिवस त्याच्यासमोर बसूनही त्याला दिसले नव्हते. "हे दाबलं की मशीन नव्याने सुरू होतं. आणि हे दाबलेलंच आहे."

त्याने सपाट पेचकस घालून बटणाची टोपी उचलली. खाली पांढरट, मेणासारखे काहीतरी थिजले होते. त्यात लालसर रेघा, पिवळट कडा. त्याने बोटाने थोडे काढले आणि नाकाशी नेले.

"तेल." तो उठून दारात आला. बोट पुढे धरले होते. "याच्यात कोणी तेल घातलंय. एकदा नाही, वर्षानुवर्षं. थरावर थर आहे. कुंकूसुद्धा आहे त्यात. कोणी केलं हे?"

चंपतरावांनी हातातला कप खाटेवर ठेवला.

त्यांना दसऱ्याच्या दुपारी आठवल्या. गुलाब सोने द्यायला बाहेर पडला की ते उंबरा ओलांडत. वर्षातून तेवढे एकदाच. घरातल्या हत्यारांची पूजा झालेली असे, पण या मशीनला गुलाब नुसते फूल वाही. चंपतराव कुंकवाचे बोट लावत आणि कुपीतून थेंबथेंब खोबरेल सोडत. मागाला तेल दिले नाही तर तो अडतो, हे त्यांना लहानपणापासून माहीत होते. कुठे द्यायचे ते मात्र माहीत नव्हते. म्हणून सगळ्यांत वेगळे दिसणारे बटण निवडले. वेगळे असेल ते महत्त्वाचे असेल.

"मी केलं," चंद्रकला म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"दसऱ्याची पूजा करत जाऊ. सांडलं असन."

"आई, हे सांडलेलं नाही."

"मंग घातलं असन! मले काय समजते त्यातलं?"

"काहून खोटं बोलून राहिली वं?" शामलाने पातेले खाली ठेवले. "दर दसऱ्याले माह्या देवघरातली कुपी रिकामी होते. मी काय आंधळी आहे? केसाले लावाचं म्हणाव तर याहीच्या डोक्यावर चार केस नाहीत."

कुणी हसले नाही. अभिजीत मोठ्या बाबांकडे पाहत होता. दोन दिवस साठलेले, आणि त्याआधीचे कितीतरी जुने, त्याच्या चेहऱ्यावर आले.

"बाबा या खोलीत एकटे काम करत होते," तो म्हणाला. "तुम्ही एकदा येऊन विचारलं नाही, काय करतोस म्हणून. तुमचाच काठ त्यांनी पहिल्यांदा यावर काढला, करवती, तो दाखवायला बोलावलं तर तुम्ही आला नाहीत. आणि चोरून येऊन तेल ओतत होतात. शेवटचा महिनाभर ते हे सुरू करायचा प्रयत्न करत होते, माहीत आहे? मला फोनवर सांगायचे. दुपारपर्यंत चालत नाही म्हणायचे."

चंपतराव उठले. कप खाटेवर तसाच. धोतराचा सोगा सावरून ते पलीकडच्या दाराकडे निघाले. त्यांची पाठ पाहून कामिनीला धक्का बसला. मागून मोठे बाबा हुबेहूब बाबांसारखे दिसत होते. हे तिच्या आजवर लक्षात कसे आले नव्हते?

"काय म्हणायचे?" चंद्रकलेने विचारले.

"कोण?"

"तुहे बाबा. फोनवर काय म्हणायचे?"

"दुपारपर्यंत चालत नाही."

"आणि दुपारून?"

"दुपारून चालायचं. मला वाटलं बाबा विसरतात काहीतरी."

चंद्रकला अंगणाच्या भिंतीकडे पाहत होती. तिथे उन्हात, रोजच्यासारखी, खोबरेल तेलाची निळी बाटली ठेवली होती. या दिवसांत नागपुरात तेल बाटलीत दगड होऊन बसते. सकाळी उन्हात ठेवायचे, दुपारी वितळले की वेणीफणी करायची. सगळ्या गल्लीत, सगळ्या भिंतींवर या दिवसांत अशा बाटल्या असतात.

"हिवाळ्यात तुहे बाबा मशीन मांडीवर घेऊन त्या खाटेवर बसत," ती हळू म्हणाली. "वायर काढून. उन्हात. मी म्हणे, हे काय लेकरू आहे का ऊन द्याले? त म्हणे, दादाचं तेल गोठते."

चंपतराव दारात थबकले होते.

"मी म्हटलं, मंग पुसून टाका. एक चिंधी घ्या आन् पुसा. त काहीच बोलले नाईत." चंद्रकलेने पदर पुन्हा सारखा केला. तिने वळून पाहिले नाही, पण आवाज चढवला, त्या दारापर्यंत पोचेल एवढा. "कामिनी, मोठ्या बाबाले सांग. तुह्या बाबाले माहीत होतं."

कामिनीला ते पुन्हा सांगावे लागले नाही. चंपतराव दारातून परत वळले होते, आणि शामला लगबगीने त्यांच्याकडे गेली होती.

*

मशीन खाटेवर मांडले. खाली गोधडी, शेजारी तेलाची बाटली. अभिजीतला हे हास्यास्पद वाटत होते आणि तरीही तो दर थोड्या वेळाने येऊन ऊन कुठे सरकले ते पाहून खाट ओढत होता. मघाचे बोलणे परत घ्यावे असे त्याला वाटत नव्हते. ते खरेच होते. फक्त ते सगळे नव्हते, आणि उरलेले आपल्याला कुणी कधी का सांगितले नाही, हे त्याला समजत नव्हते. तो खाटेच्या एका टोकाला बसला. दुसऱ्या टोकाला मोठे बाबा येऊन बसले. मधे मशीन.

"तो काठ," चंपतराव म्हणाले, "करवतीचा. पाह्यला होता मी."

"कधी?"

"बाजारात. गांधीबागेत दुकानात टांगला होता. दातरे बरोबर उतरले होते. एकही दातरा लहान-मोठा नाही. हातानं तसं होत नाही गा. घरी येऊन सांगाव म्हटलं. मंग राहून गेलं."

अभिजीतने माकडटोपी काढली. मुंडण केलेले डोके उन्हात चमकले. तो नुसता मोठ्या बाबांच्या बाजूला थोडा सरकून बसला.

बाटलीतले तेल कडेने पारदर्शक होऊ लागले, मग मधला पांढरा गोळा तरंगू लागला. बटण कधी वर आले ते दोघांनी नेमके पाहिले नाही. टक्कन आवाज झाला, तेवढेच ऐकले.

"पुसून घे आता," चंपतराव म्हणाले. "सारं पुस. काही ठेवू नको."

अभिजीतने स्पिरिटमध्ये कापूस बुडवून बटण, दांडी, स्प्रिंग पुसली. कापूस लाल-पिवळा होत गेला. शेवटचा बोळा टाकायला उठला तेव्हा चंपतरावांनी हात पुढे केला आणि तो घेऊन मुठीत ठेवला.

चंद्रकला भिंतीला टेकून उभी होती. वायरी जोडल्या गेल्या. कामिनी दारातच राहिली. तिचे लक्ष खुर्चीवर होते.

जाड सूर आला. आणि लगेच, त्याच्या पाठोपाठ, बारीक.

चंद्रकलेने डोळे मिटून घेतले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या दोन ओळी आल्या आणि त्यांच्याखाली एक लहानशी रेघ उघडझाप करू लागली. कामिनीला वाटले होते तसे काही झाले नाही. खुर्ची रिकामीच होती, पण ती भयंकर वाटत नव्हती. कुणीतरी बसायची वाट पाहणारी खुर्ची असते, तशी होती.

"नमुने साठवलेल्या कॅसेटी तर बुरशी लागून गेल्या," अभिजीत म्हणाला. "बाबांचं काहीच आता यात नाही. आता काय करायचं?"

"एक ओळ," चंद्रकला म्हणाली. "एक ओळ म्हणजे एक धोटा. सुरुवातीले काय कॅसेटी होत्या? फुली मारत, टिंब देत. फुली म्हणजे तार उचलाची, टिंब म्हणजे दाबाची. मी म्हणून देत होती, ते मारत होते."

कामिनीने तिच्याकडे पाहिले. रात्रीचे जेवण झाल्यावर या खोलीतून आईचा एकसुरी आवाज येत असे. लहानपणी तिला वाटे आई जप करते.

"धोटा घरातल्या मोठ्या माणसानं फेकाचा असते," शामला म्हणाली.

चंपतराव उंबऱ्याबाहेर होते. त्यांनी मुठीतला बोळा कोटाच्या खिशात ठेवला, चपला काढल्या आणि सगळ्यांसमोर आत आले. खुर्ची त्यांनी आधी हाताने चाचपली. मग बसले. बुजवलेल्या खड्ड्यावर त्यांचे पाय टेकले.

कामिनीने त्यांना दोन बटणे दाखवली. "ही फुली. हे टिंब. हळू दाबायचं."

"मले हे येत नाही, बेटा."

त्यांची तर्जनी फुलीवर अडून राहिली. कामिनीने आईकडे पाहिले, निरोप घ्यायला. आईने तिच्याकडे पाहिलेच नाही. ती भिंतीपासून सुटून खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली होती, जिथे ती रोज उभी राहत असे.

"उचला," चंद्रकला म्हणाली.

हाक मारायला तिच्याकडे शब्द नव्हता. तो कधी लागलाच नव्हता. चंपतरावांची मान किंचित वळली आणि पुन्हा सरळ झाली.

"उचला. उचला. आता दाबा."

फुली, फुली, फुली. टिंब.

"दोन उचला. दाबा. दाबा. एक उचला."

तिचा आवाज चढत नव्हता, उतरत नव्हता. म्हातारे बोट एकेक बटण शोधत होते आणि ती त्याच्यासाठी थांबत होती, जितका वेळ लागेल तितका. पडद्यावर ओळ डावीकडून उजवीकडे सरकत गेली. काठाच्या टोकाशी पोचल्यावर ती म्हणाली, "झालं."

एक ओळ. तिच्यात नक्षी दिसत नव्हती. दातरा दिसायला अशा कितीतरी ओळी लागल्या असत्या.

"आता ताणा कापू," चंपतराव म्हणाले. त्यांनी मशीनच्या मागे हात नेऊन बटण चाचपले. अभिजीतने त्यांचा हात बरोबर जागी नेला आणि सोडून दिला.

पडदा काळा झाला. बंद होताना ते मशीन कोणताच सूर काढत नाही.

थोड्या वेळाने अभिजीत वायर गुंडाळायला वाकला. "खोक्यात भरू ना, आई?"

चंद्रकलेने पदराच्या टोकाने टेबलाची कड पुसली. मग ती बोलली, ते अभिजीतशी नव्हते.

"येत्या दसऱ्याले समोरच्या दारातून या," ती म्हणाली. "कुंकू लावा. तेल नका घालू."

"हाव," चंपतराव म्हणाले.

अभिजीतने गुंडाळलेली वायर पुन्हा सैल केली आणि टेबलावर ठेवून दिली.